वाचक विचारतात: बाळाची केस ऑनलाइन चर्चेला ठेवली, पुढे काय?

मागच्या अंकात जन्मजात सीएमव्हीबद्दल लिहिलं होतं, म्हणजे प्रेग्नन्सीत आईला सायटोमेगॅलो व्हायरस होतो, बहुतेक वेळा तिला कळतही नाही, आणि तो वारेतून बाळापर्यंत पोचतो. त्यात जाता जाता एक वाक्य होतं की अशा बाळांच्या केसेसवर वेगवेगळ्या ठिकाणचे डॉक्टर ऑनलाइन बसून चर्चा करतात. झालं, त्या एका वाक्यावरच एवढे प्रश्न आलेत की या वेळचं सगळं पान त्यालाच दिलंय. पत्रं थोडी छोटी केलीयत, नावं काढलीयत.

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आमची मुलगी पाच आठवड्यांची आहे. जन्मानंतरच्या हिअरिंग टेस्टमध्ये डाव्या कानाला 'रेफर' आलं, मग लघवी तपासली तर सीएमव्ही पॉझिटिव्ह. बाकी सगळं ठीक आहे. आमचे डॉक्टर म्हणतात मी केस ऑनलाइन चर्चेत मांडतो, मग औषधाचं ठरवू. घरचे म्हणतायत यांना स्वतःला येत नसणार म्हणून विचारत बसलेत, दुसरा डॉक्टर बघा. काय करू? — एक आई

उत्तर: दुसरा डॉक्टर बघू नका, हाच धरून ठेवा! आता का ते सांगतो, जरा लांबेल.

सीएमव्ही हे जन्मजात इन्फेक्शनमध्ये जगभर सगळ्यात जास्त आढळणारं. साधारण हजार बाळांमागे पाच ते दहा बाळं ते घेऊन जन्माला येतात, पण त्यातल्या दहातल्या नऊ बाळांना जन्मताना काहीच लक्षण नसतं. म्हणजे एका बालरोगतज्ज्ञाकडे लक्षणं असलेली, औषधाचा विचार करावा लागेल अशी बाळं वर्षाला किती येणार? फार थोडी. आणि तुमच्या मुलीसारखी, फक्त कानाची शंका आणि बाकी सगळं नॉर्मल, अशी त्याहून थोडी. तेवढ्यावर कुणाचाही हात बसत नाही, मोठ्या हॉस्पिटलमधल्यांचाही नाही, म्हणून तर हे लोक एकत्र येतात.

दूरच्या डॉक्टरला ऑनलाइन केस-चर्चेतून शिकवायचं हा प्रकार चांगला तपासून झालेला आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट इको' सुरू केला, तो हिपॅटायटिस सीसाठी होता. तज्ज्ञ युनिव्हर्सिटीत, पेशंट लांबलांबच्या गावांत आणि तुरुंगांत, तर पेशंटला हलवण्याऐवजी तिथल्याच डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर घेऊन एकेक केस सोडवायची. २०११ मध्ये त्याचे आकडे छापून आले, युनिव्हर्सिटीत बरे झालेले ५७.५ टक्के आणि त्या लांबच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. थोडक्यात, विचारून उपचार करणारा डॉक्टर कुठेही मागे पडला नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. स्क्रीनवर वीसेक चौकटी असतात, निम्म्यांचे कॅमेरे बंद, कुणीतरी राउंड अर्धवट टाकून आलेलं. पहिल्या स्लाइडवर नाव नसतं, फक्त मुलगी, किती आठवड्यांची जन्मली, वजन किती ग्रॅम, डोक्याचा घेर किती सेंटिमीटर आणि तो त्या आठवड्यांच्या मानाने कुठे बसतो. पुढची स्लाइड यायच्या आत कुणीतरी म्यूट काढून विचारतंच, "सॅम्पल कितव्या दिवशीचं?"

"नवव्या."

"लाळ की लघवी?"

"लघवी."

"मग पक्कं. पुढे चला."

हे दोन प्रश्न असे पटकन येतात त्याला कारण आहे. पहिल्या २१ दिवसांच्या आत बाळाच्या लघवीत किंवा लाळेत व्हायरस सापडला तरच तो जन्मजात म्हणता येतो, कारण त्यानंतर सापडला तर तो बाहेर आल्यावर, बाळंतपणात किंवा दुधातून लागलेला असू शकतो आणि पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याने सहसा काही होत नाही. लाळेची गंमत अशी की आईच्या दुधात व्हायरस असेल तर बाळाच्या तोंडातून घेतलेला स्वॅब फसवा पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून स्वॅब दूध पाजल्यावर तासभर तरी थांबून घेतात आणि पॉझिटिव्ह आला तर लघवी तपासून खात्री करतात.

मग रेडिओलॉजिस्ट मेंदूचा एमआरआय सरकवत नेतो, पांढऱ्या भागात काही डाग आहेत का, कानशिलाकडच्या भागाच्या टोकाशी पाण्याच्या गाठी आहेत का, असं बघत. आणि तुमच्या केसमध्ये मला वाटतं सगळ्यात कामाचा माणूस ऑडिओलॉजिस्ट ठरेल, कारण तो हमखास विचारणार की 'रेफर' कशावर आलं, नुसत्या ओएईवर (आतल्या कानाची झटपट चाचणी) की बेरावर (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी), आणि कानाच्या पडद्यामागे पाणी आहे का ते कुणी बघितलं का? स्क्रीनिंगमधलं 'रेफर' म्हणजे 'पुढची तपासणी करा' एवढंच, बहिरेपणा नव्हे. पडद्यामागे पाणी साचलं असलं तरी रेफर येतं, आणि ते सीएमव्हीचं औषध देऊन जात नसतं. तेव्हा मीटिंगची वाट न बघता पूर्ण बेरा टेस्ट झालीय का एवढं उद्याच विचारा, नसेल तर याच आठवड्यात करून घ्या, कारण या औषधाला उशीर परवडत नाही.

प्रश्न: आमच्या बाळाच्या चर्चेत म्हणे दोन गट पडले. दोन महिन्यांचा आहे, एका कानाने कमी ऐकू येतं, बेरा करून पक्कं झालंय, बाकी काही नाही. निम्मे म्हणाले औषध द्या, निम्मे म्हणाले देऊ नका. मग एवढ्या तज्ज्ञांचा उपयोग काय? — वैतागलेला बाबा

उत्तर: वैताग समजू शकतो. पण ते भांडले ते बरंच झालं असं मी म्हणेन, कारण इथे पुरावाच तसा आहे आणि सगळ्यांनी एकसुरात 'हो' म्हटलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती.

औषधाचं नाव वालगॅन्सिक्लोव्हिर, तोंडाने द्यायचं, दर किलो वजनाला १६ मिलिग्रॅम असं दिवसातून दोनदा. त्याचा मुख्य अभ्यास २०१५ मध्ये आला, ९६ बाळांचा, सगळी लक्षणं असलेली आणि औषध आयुष्याच्या पहिल्या महिन्यात सुरू केलेली. सहा आठवडे दिलेल्यांपेक्षा सहा महिने दिलेल्यांचं ऐकणं आणि भाषेची समज दोन वर्षांच्या वयाला थोडी बरी निघाली. थोडी, हा शब्द मी मुद्दाम घातलाय. आता तुमचं बाळ यात बसतं का? वय पहिल्या महिन्याच्या पुढे गेलंय, आणि कान सोडला तर आजारी म्हणावं असं काही नाही.

मग पुढचे अभ्यास बघायचे. नेदरलँड्समध्ये तुमच्या बाळासारख्याच, म्हणजे १३ आठवड्यांच्या आतल्या, बाकी ठीक पण ऐकू कमी येणाऱ्या बाळांना सहा आठवडे औषध दिलं, तर न दिलेल्यांच्या मानाने त्यांचं ऐकणं कमी बिघडलं. छान. पण बाळं फार थोडी, आणि कुणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. दुसरीकडे अमेरिकेत एक महिना ते तीन वर्षं वयाच्या मुलांवर नीट चिठ्ठ्या टाकून, निम्म्यांना खोटं औषध देऊन बघितलं, तिथे फायदा दिसला नाही. पण त्यात मोठी मुलंही आली, तुमच्यासारखं दोन महिन्यांचं बाळ वेगळं काढून काय ते कळत नाही. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या दोन गटांनी शिफारशी काढल्या, त्यातही युरोपातल्या गटात बहुतेकांचं म्हणणं पडलं की नुसतं ऐकू कमी असेल तरी द्यावं, आणि दुसऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने म्हटलं की सरसकट देऊ नये. म्हणजे तुमच्या मीटिंगमधले दोन गट हे तेच दोन गट.

आणि औषध साधं नाही. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल खाली येतात, म्हणून पहिले सहा आठवडे दर आठवड्याला रक्त, मग आठव्या आठवड्याला, मग महिन्याला. ५०० च्या खाली गेल्या तर औषध थांबवायचं, ७५० च्या वर आल्या की परत सुरू. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कॅन्सरचा आणि प्रजननक्षमतेचा धोका दिसलाय, माणसांच्या बाळांत तो दिसलेला नाही, पण पालकांना सांगायलाच हवा. बाटली हाताळताना हातमोजे घाला असं सांगतात ते यामुळेच, घरात कुणी गरोदर असेल तर तिने ते औषध काढू नये.

माझं मत विचाराल तर, १३ आठवडे उलटलेले नाहीत, बेरा पक्की आहे आणि तुम्ही रक्ताच्या फेऱ्या झेपवू शकता, तर मी द्यायच्या बाजूला झुकेन. तुम्ही नको म्हणालात तरी मी तुम्हाला निष्काळजी म्हणणार नाही. मात्र औषध द्या किंवा नका देऊ, कानाची तपासणी सोडायची नाही, दोन्ही कानांची, कारण आज चांगला असलेला कान दोन वर्षांनीही बिघडू शकतो. पहिली तीन वर्षं साधारण दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा.

प्रश्न: चर्चेसाठी डॉक्टरांनी बाळाचे फोटो आणि एमआरआय मागितलेत. हे सगळं इंटरनेटवर फिरणार का? नाही म्हटलं तर उपचार बंद करतील का? — नाव नको

उत्तर: उपचार बंद करायचा प्रश्नच नाही, नाही म्हणायचा तुमचा हक्क आहे आणि त्याने काही बिघडत नाही.

पण हो म्हणायच्या आधी काही गोष्टी विचारून घ्या. चेहऱ्याचा फोटो खरंच लागतो का? अंगावरचे जांभळे ठिपके दाखवायचे असतील तर पोटाचा फोटो पुरतो, चेहरा कशाला. एमआरआयचं म्हणाल तर लोकांना वाटतं वरची नावाची पट्टी कापली की झालं, पण ती मूळ फाइल असते ना, तिच्या पोटात नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल, सगळं लिहिलेलं असतं, ते वेगळं पुसावं लागतं. तारखांऐवजी 'नववा दिवस, सहावा आठवडा' असं लिहिलं की चर्चेला तेवढंच पुरतं. सेशन रेकॉर्ड होतंय का, रेकॉर्डिंग कोण बघणार, तेही विचारा.

आणि हे डॉक्टर मंडळींसाठी: मॉडरेटर असलेलं, ठरावीक लोकांचं सेशन वेगळं आणि तीनशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेअकराला बाळाचा फोटो टाकून 'ओपिनियन प्लीज' म्हणणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला मी चर्चा म्हणतच नाही. पंधरा अंगठे येतात, तीन लोक तीन डोस सांगतात, आणि फोटो पुढे कुठे जातो ते देवाला माहीत.

प्रश्न: सर, मी छोट्या हॉस्पिटलमध्ये ज्युनियर आहे. पहिल्यांदाच केस मांडायचीय, कमी वजनाचं बाळ, प्लेटलेट्स कमी, टॉर्च पॅनल पॉझिटिव्ह. काय काय लागेल?

उत्तर: आधी ते टॉर्च पॅनल बाजूला ठेवा. 'टॉर्च' हे नाव १९७१ मध्ये आंद्रे नाहमियास आणि सहकाऱ्यांनी दिलं, टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पिस एका दमात आठवावेत म्हणून. आता त्याचं एकगठ्ठा रक्ताचं पॅनल झालंय आणि त्यात बाळाचं आयजीजी, म्हणजे व्हायरसविरुद्धची अँटीबॉडी, पॉझिटिव्ह आलं म्हणून लोक घाबरतात, अरे पण ते आयजीजी आईचं, वारेतून आलेलं, त्यावरून बाळाबद्दल काहीच ठरत नाही. बाळाची लघवी पीसीआरला पाठवलीत का? २१ दिवस व्हायचे असतील तर हे वाचणं थांबवा आणि आधी ती पाठवा.

मग बाकीचं: जन्माचं वजन, डोक्याचा घेर, प्लेटलेट्स, लिव्हरचे आकडे, त्यात डायरेक्ट बिलिरुबिन वेगळं, डोक्याची सोनोग्राफी, डोळ्याचा पडदा डोळ्यांच्या डॉक्टरने बघितलेला, बेरा. प्रत्येकापुढे बाळाचं त्या दिवशीचं वय. आईचे जुने रिपोर्ट असतील तर ते प्रेग्नन्सीच्या कितव्या आठवड्याचे ते लिहा, आणि अ‍ॅव्हिडिटी (अँटीबॉडी किती घट्ट चिकटते ती टेस्ट) केली असेल तर सोन्याहून पिवळं, त्यावरून इन्फेक्शन ताजं की जुनं याचा अंदाज येतो. आणि शेवटच्या स्लाइडवर एकच प्रश्न ठेवा. 'मार्गदर्शन करावे' हा प्रश्न नाही. 'प्लेटलेट्स एवढ्या असताना औषध आज सुरू करू का?' हा प्रश्न आहे, त्याला उत्तर मिळतं. आणि माहीत नसेल तिथे सरळ 'केलं नाही' लिहा, 'नॉर्मल' लिहू नका, कुणीतरी विचारतंच.

प्रश्न: नात चार महिन्यांची, आता कळलं की ऐकू कमी येतं. लघवीत सीएमव्ही आहे. ऑनलाइन चर्चेत म्हणाले की जन्मजात आहे असं सांगता येत नाही! व्हायरस समोर दिसतोय तरी? — आजोबा

उत्तर: आजोबा, वर म्हटलं तेच, २१ दिवस उलटले की लघवीवरून सांगता येत नाही. पण एक मार्ग आहे. बऱ्याच ठिकाणी जन्मानंतर टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर वाळवून ठेवतात, थायरॉइड वगैरेच्या तपासणीसाठी. तो कागद जपून ठेवलेला असेल तर त्यातलं रक्त आजही तपासता येतं, आणि त्यात सीएमव्ही निघाला तर तो जन्मजातच. नाही निघाला तर मात्र 'नाहीच' असं होत नाही, कारण कागदावरच्या थेंबात व्हायरस कमी असतो आणि सुटून जातो. ऐकू कमी यायची जनुकीय कारणंही असतात, ती तपासणी सोबत करून घ्या. आणि हे सगळं चालू असताना मशीन लावायला थांबू नका. कारण सापडो न सापडो, श्रवणयंत्र लवकर लागलेलं बरं.

प्रश्न: जाऊ गरोदर आहे. सीएमव्ही असलेल्या बाळापासून तिला लांब ठेवू का? आणि मी अंगावर पाजू का?

उत्तर: बाळ पूर्ण दिवसांचं असेल तर खुशाल पाजा. जावेला लांब ठेवायची गरज नाही, तिने लंगोट बदलल्यावर आणि लाळ पुसल्यावर साबणाने हात धुवावेत, बाळाचा चमचा तोंडात घालू नये, पापा तोंडावर न घेता कपाळावर घ्यावा. खरं सांगायचं तर घराघरातली निरोगी दीड-दोन वर्षांची मुलं हा व्हायरस सर्रास सोडत असतात, तुमचं बाळ निदान माहीत तरी आहे. रुबेलाचं बाळ असतं तर उत्तर वेगळं होतं, ती बाळं वर्षभरसुद्धा व्हायरस सोडू शकतात, त्यांच्याजवळ रुबेलाची प्रतिकारशक्ती नसलेल्या गरोदर बाईने जाऊ नये.

प्रश्न: अशा चर्चांतून नवीन काही सापडतं का, की फक्त आहे तेच उगाळतात?

उत्तर: बरंचसं उगाळणंच असतं, खोटं कशाला बोलू. पण कधीकधी मोठं घबाड लागतं. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदूची बाळं एकामागून एक यायला लागली. त्यांनी सहकाऱ्यांकडच्या केसेस मागवल्या, सगळ्या मिळून ७८ झाल्या, आणि त्यातल्या ६८ आयांना प्रेग्नन्सीच्या सुरुवातीला रुबेला झालेला निघाला. तोवर रुबेला म्हणजे किरकोळ पुरळ असंच सगळे मानायचे.

२०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागात तेच झालं, फक्त पत्रांच्या जागी फोन आले. रेसिफेमधल्या बालमेंदूतज्ज्ञ व्हानेसा व्हान डर लिंडेन यांना फार लहान डोक्याची बाळं दिसायला लागली आणि त्यांच्या आईला, त्याही बालमेंदूतज्ज्ञच, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये तशीच दिसत होती. एकेका डॉक्टरला वाटलं असतं की योगायोग. सिटी स्कॅन शेजारी शेजारी ठेवले तेव्हा कॅल्शियमचे ठिपके वेगळ्याच जागी होते, सीएमव्हीत ते बहुधा मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांभोवती असतात, इथे ते वरच्या करड्या थराच्या खाली, करडा आणि पांढरा भाग मिळतो तिथे. सीएमव्ही, टोक्सो सगळं निगेटिव्ह. तिथले दुसरे डॉक्टर आधीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर तापाच्या आणि पुरळाच्या विचित्र साथीबद्दल बोलत होते, ती साथ डासांतून पसरणाऱ्या झिका व्हायरसची निघाली, बाळांची डोकी लहान राहिली ती त्यामुळेच, आणि १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. वर मी व्हॉट्सअ‍ॅपला नावं ठेवली आणि इथे त्याचं कौतुक करतोय असं म्हणाल, पण ते लोक एकमेकांना ओळखत होते, लक्षणं मोजून लिहीत होते, बाळाचा फोटो टाकून झोपायला जात नव्हते.

प्रश्न: आमच्या बाळाची चर्चा झाली. डॉक्टर नुसतं म्हणाले, "सगळ्यांचं मत पडलं औषध द्या." कागदावर काहीच नाही. मागू का?

उत्तर: मागा, संकोच करू नका. चर्चेतल्या कुणीही तुमच्या बाळाला हात लावलेला नाही, ते सल्ला देतात, निर्णय आणि जबाबदारी तुमच्या डॉक्टरांची राहते आणि बहुतेक चांगल्या सेशनमध्ये हे सुरुवातीलाच बोलून दाखवतात. कागदावर चर्चेची तारीख हवी, काय सल्ला आला आणि का, कुणाचं वेगळं मत होतं का, रक्त कधी कधी आणि रिपोर्ट कुणी बघायचा, पुढची कानाची तपासणी कधी. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. औषधाचा डोस वजनावर असतो, बाळ सहा महिन्यांत भराभर वाढतं, पहिल्या महिन्याचा डोस तिसऱ्या महिन्यात कमी पडतो, तेव्हा तो कोण वाढवणार आणि कोणत्या तारखेला, हे त्याच कागदावर लिहून घ्या.